मुरबाडच्या मेक्सिकोत आमचं सूप

मुरबाडला अजून रेल्वे आली नाही, पण समुद्र आला. रेल्वेसाठी आमच्या तीन पिढ्यांनी निवेदनं दिली, फोटो काढले, हार घातले. समुद्र मात्र कुणीही न मागता एका उन्हाळ्यात डंपरमधून आला. माळशेजच्या रस्त्याला जिथे कालपरवापर्यंत भाताची खाचरं होती तिथे आता वाळू आहे. वाळूत कुठून तरी उपटून आणलेली नारळाची झाडं बांबूच्या टेकूवर उभी आहेत, दवाखान्यातून सुट्टी न मिळालेल्या पेशंटसारखी. एका टोकाला मोटार बसवली आहे. ती चालू केली की लाट येते, आणि लाट यायच्या आधी भोंगा वाजतो. भोंगा वाजवून येणारा समुद्र देवानं केलेला नाही. लाईट गेली की ओहोटी.

या सगळ्यावर पाटी आहे, 'मेक्सिकन बीच'. मालकाला मेक्सिकोच का सुचला यावर गावात पुष्कळ चर्चा झाली आणि शेवटी एकमत असं ठरलं की त्याला टोप्या स्वस्तात मिळाल्या असाव्यात. तिथले वेटर एवढाल्या टोप्या घालून हिंडतात की आमच्याकडे तेवढ्या घेराच्या डाल्याखाली कोंबडी, तिची बारा पिल्लं आणि शेजाऱ्याचा चोरलेला कोंबडा मावतो. मागच्या वावटळीत एक वेटर टोपीसकट उडाला आणि धरणाच्या पलीकडे उतरला, असं मी सगळ्यांना सांगतो. उडाला नसेल तर पुढच्या वावटळीत उडेल, म्हणजे माझं बोलणं खोटं पडायचं नाही.

अशा ठिकाणी मी आठ आण्याचीही खरेदी केली नसती. पण आमच्या नातीची पाचवी होती आणि आमचं सूप मेक्सिकोत होतं.

हे नीट सांगतो.

आमच्या घरात मूल झालं की पाचव्या दिवशी त्याला सुपात ठेवतात. सुपात मूठभर तांदूळ पसरायचे, त्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा, त्यावर मूल. त्या दिवशी सटवाई येते आणि कपाळावर लिहून जाते. सुपावरूनच तिला घर ओळखू येतं, असं माझ्या आईचं म्हणणं. आणि सूप म्हणजे कुठलंही सूप नव्हे, ते सूप. माझ्या आजीनं म्हसा गावच्या जत्रेतून आणलेलं. त्याचा काठ दोनदा बदलला, मधलं तीनदा विणलं, एक कोपरा उंदरानं कुरतडला तो वडलांनी जुन्या रेडिओतली तांब्याची तार ओढून शिवला. पण सूप तेच. मी त्यात झोपलो, माझ्या बहिणी झोपल्या, माझी मुलगी झोपली. फक्त माझा धाकटा भाऊ कल्याणला जन्मला आणि त्याची पाचवी घाईघाईत स्टीलच्या परातीत उरकली. त्याच्या कपाळावर काय लिहिलंय ते सटवाईला तरी आठवत असेल का, शंकाच आहे. तीन धंदे काढले, तिन्ही बुडवले, हल्ली लोकांना पैसे तिप्पट करायच्या मीटिंगला बोलावतो. आई एवढंच म्हणते, "परातीवरून अक्षर घसरलं."

तर असलं हे सूप मी गेल्या दिवाळीत एका प्लास्टिकच्या खुर्चीवर देऊन टाकलं.

दारात टेंपो आला होता. जुनं गावठी सामान द्या, नवीन खुर्च्या, टब, बादल्या घ्या. आई तेव्हा खर्डीला माझ्या बहिणीकडे गेलेली. मी बैलाचं जू दिलं, कारण बैल विकून दहा वर्षं झाली होती. मुसकी दिली, इरलं दिलं, दाणे मापायची अधोली दिली. टेंपोवाला म्हणाला, खुर्ची पाहिजे तर अजून काहीतरी टाका. मी आजूबाजूला पाहिलं आणि माळ्याच्या कडेला अडकवलेलं सूप काढून त्याच्या हातात ठेवलं. माणूस किती अक्कल असताना बेअक्कल असू शकतो याचं हे उदाहरण मी स्वतःहून देतो, म्हणजे दुसऱ्यांनी द्यायला नको. खुर्चीचा एक पाय चौथ्या दिवशी फाकला. तेव्हापासून ती भिंतीला टेकवून ठेवतो आणि पाहुणा आला की आधी मीच तिच्यावर बसतो.

वैशाखात शहापूरला दिलेली मुलगी बाळंतपणाला आमच्याकडे आली, आणि तिला मुलगी झाली. पाचव्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "माळ्यावरून सूप काढ."

मी माळ्यावर चढलो आणि दीड तास सूप शोधलं. ते तिथे नाही हे घरात फक्त मलाच माहीत आहे अशा समजुतीनं शोधलं. डबे वाजवले, पोती ओढली, एकदा तर "सापडलं वाटतं" असंही ओरडलो.

"उतर खाली," आई म्हणाली.

"अगं, अंधार हाय वरती."

"उतर. शोधणारा मानूस एवढी धाप टाकत नाय. मी खर्डीवरनं आले तवा घरात खुर्ची होती नि सूप नव्हतं. मना वाटलं, लाज वाटून आणून ठेवशील. तुला लाजायलापन सात महिने लागतात?"

ऐंशीच्या पुढची बाई. डोळ्यांत मोतीबिंदू, पण माझ्या आरपार बघायला तिला चष्मा लागत नाही.

"कुटं हाय ते सांग. दिवेलागणीच्या आत पोर सुपात पायजे."

कुठे आहे ते मला ठाऊक होतं. आमच्या आळीतली एक मुलगी त्या रिसॉर्टच्या दुकानात कामाला आहे. तिनंच मला संक्रांतीला हसत हसत सांगितलं होतं, "काका, तुमचं जू आमच्या दुकानात भिंतीवर लावलंय, त्याला आरसा बसवलाय." म्हणजे टेंपो तिथेच रिकामा झाला होता. मी पाटीवरच्या नंबरला फोन लावला.

"सूप मिळेल का हो?"

"शुअर सर. टोमॅटो, स्वीट कॉर्न, मेक्सिकन बीन."

"तसलं नाही. जुनं पाहिजे."

"सर, आमच्याकडे सगळं फ्रेशच असतं."

"अहो, मला माझंच पाहिजे. कोपऱ्यावर उंदरानं कुरतडलेलं."

पलीकडे कुणीतरी दार लावल्याचा आवाज आला. मग तो माणूस अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "सर, प्लीज, हे ऑनलाइन लिहू नका. आपण कधी आला होतात जेवायला?"

मी फोन ठेवला. आई पदराच्या टोकाला मूठभर तांदूळ बांधून तयार उभी होती. "मी पन येते. तुला सूप वळखायचं नाय. तू खुर्ची वळखनारा."

जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून आम्ही परदेशात निघालो.

गेटवर उभा असलेला रखवालदार शेजारच्याच गावचा. तीन लग्नांत माझ्या शेजारी पंगतीला बसलेला, माझ्या पानातली जिलबी उचललेला. त्यानं आम्हाला पाहिलं, टोपी सावरली आणि छातीवर हात ठेवून ओरडला, "ओला!"

आईनं दचकून लुगडं चाचपलं. "कुटं ओला?"

"आजी, मेक्सिकोचं रामराम हाय ते, तसं बोलायला लावलंय. साहेब कॅमेऱ्यात बघतो."

"मग सुका कवा बोलतोस?"

"सुट्टी झाल्यावर," तो ओठ न हलवता म्हणाला.

आत गेलो. ऊन असं की वाळूत शेंगदाणे टाकले असते तर भाजून निघाले असते. मी असं ऐकून होतो की समुद्रावर माणसं मोकळी होतात. इथे ठाणे-डोंबिवलीकडची माणसं मांड्या उघड्या टाकून, निळ्या रंगाचं सरबत पीत, भोंग्याची वाट बघत बसली होती. घरात नळाला पाणी यायची वाट बघतात ना, अगदी तोच चेहरा.

दुकानावर 'लोकल क्राफ्ट' असं लिहिलं होतं. लोकल कशाचं, मेक्सिकोचं की मुरबाडचं, हे लिहिणाऱ्यानं सोयीनं गाळलं होतं. दारात आमच्या आळीतली मुलगी, झालरीचा घागरा आणि केसात कागदाचं एवढं मोठं फूल. "वेलकम टू मेक्सिको," असं तिनं सुरू केलं आणि पुढचं गिळलं. "अगो बाई, आजी, तुमी?"

"आमीच. मेक्सिकोला चाललो व्हतो, वाटेत तू भेटलीस."

भिंतीवर माझं घर टांगलेलं होतं. जू होतं, त्यातल्या आरशात मी दिसलो, मान बरोबर बैलाच्या जागी. अधोलीत पेनं खोचलेली. बैलाच्या मुसक्यात पिवळा दिवा. आणि वर, मध्यभागी, आईचं इरलं. खाली चिठ्ठी, 'आदिवासी योद्ध्याची ढाल'. बांबू आणि पळसाच्या पानांच्या त्या ढालीखाली कंबरेतून वाकून माझ्या आईनं चाळीस पावसाळे भात लावला. लढाई होती हे खरंच, पण चिठ्ठी लिहिणाऱ्याला ती ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

एक बाई दुसरं मुसकं हातात घेऊन नवऱ्याला दाखवत होती. "फळं ठेवायला किती क्यूट आहे!"

"धुवून घ्या हो बाई," आई म्हणाली. "बैलाच्या तोंडाला बांदतात."

बाईनं क्षणभर विचार केला. "पण ऑरगॅनिक आहे ना?"

"बैल होता तवर तरी होता."

बाईनं ते घेतलं. वर एक हसरा फोटोही काढला. तोंड बांधायची वस्तू घरी नेताना माणसाचं तोंड इतकं उघडं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हशाच्या जत्रेत घोंगडी घेताना आमचा माणूस ती उजेडात धरतो, वास घेतो, लोकर ओढतो, विकणाऱ्याच्या बापाची चौकशी करतो, तीन वेळा निघून जातो आणि चौथ्यांदा घेतो. इथे लोक आधी पिशवी मागतात, मग त्यात काय घालायचं ते शोधतात.

सुपांची भिंत वेगळी होती. बावीस सुपं. सगळ्यांना काळं व्हार्निश फासलेलं, त्यावर पांढऱ्या रंगात वारली नाच. तारपा वाजवणाऱ्याच्या डोक्यावर मेक्सिकन टोपी, बाजूला निवडुंग. चिठ्ठीवर 'फ्यूजन' लिहिलं होतं. आमच्याकडे दुधात लिंबू पडलं की त्याला दूध फाटलं म्हणतात.

"यातलं आमचं कुठलं?" मी मुलीला विचारलं.

"काका, मना नाय सांगता येनार. रंगवायला शहापूरला पाठवतात, येतात तवा सगळी सारखीच."

मी कोपरे तपासू लागलो. आईनं मला कोपरानं बाजूला केलं. "सूप डोळ्यानं वळखत नायत. कानानं."

तिनं पहिलं सूप खाली घेतलं, पदराची गाठ सोडली, तांदूळ त्यात ओतले आणि दुकानाच्या मधोमध उभी राहून पाखडायला लागली.

"आजी, ब्रेकेज झालं तर माज्या पगारातनं..."

"गप गो. मी सूप फोडते काय?"

फट्. फट्. व्हार्निशमुळे आवाज मेलेला, जसा पुठ्ठ्यावर थापट मारावा. आईनं मान हलवली, ते टेकवलं, दुसरं घेतलं. मग तिसरं. कोंडा उडू लागला. निळ्या सरबताच्या ग्लासांत तो अलगद उतरत होता आणि पिणाऱ्यांना ती मेक्सिकन पद्धत वाटत होती. नवव्या सुपापर्यंत गर्दी जमली. बाराव्याला मोबाईल वर झाले. पंधराव्याला एकजण "वन्स मोर" ओरडला. माझ्या आईसमोर शंभर माणसं टाळ्या वाजवत होती. शंभर नसतील, पण मी मोजायला थांबलो नाही, तोंड लपवायला जागा बघत होतो.

हाफ पँट घातलेला मॅनेजर धावत आला. मला वाटलं, हाकलतोय. तो हात जोडून म्हणाला, "आजी, सुपर्ब! दर शनिवार-रविवार याल का? हॅट आम्ही देऊ."

"अस्वल आना," आई पाखडता पाखडता म्हणाली. "त्याला टोपी शोभंल."

बावीसही सुपं झाली. आमचं एकही नव्हतं. बाहेर सावल्या लांबल्या होत्या. आई पहिल्यांदाच खाली बसली, मेक्सिकोच्या पायरीवर, आणि तांदूळ परत पदरात बांधले. "पोरीला परातीत ठेवावं लागनार," ती म्हणाली. मला नाही, स्वतःलाच. सकाळच्या सगळ्या टोमण्यांपेक्षा ते एवढंसं बोलणं मला जास्त लागलं. माझ्या डोळ्यांसमोर माझा धाकटा भाऊ आला, हातात मीटिंगची पत्रकं घेऊन.

तेवढ्यात भोंगा वाजला. लाट येणार! सगळं दुकान क्षणात रिकामं झालं, मॅनेजरही धावला. त्या शांततेत मागच्या बाजूनं आवाज आला.

सळ्ळ, फट्, टिण. सळ्ळ, फट्, टिण.

आई उठली. "तार वाजतीय."

दुकानाच्या मागे रिसॉर्टचं स्वयंपाकघर, त्याच्या मागे ओटा, आणि ओट्यावर डोंगराकडच्या वाडीतली एक बाई कामगारांच्या जेवणाचे तांदूळ पाखडत बसली होती. कोपऱ्यात तांब्याची तार. ना व्हार्निश, ना निवडुंग. अख्ख्या मेक्सिकोत तेवढी एकच बाई काहीतरी काम करत होती, आणि तेही आमच्या सुपानं.

मागोमाग आलेली आळीतली मुलगी हळूच म्हणाली, "ते रिजेक्ट होतं काका. कोपरा कुरतडलेला, पेंटिंग बसेना."

"मना फेकायला दिलं व्हतं," ती बाई म्हणाली. "मी नाय फेकलं. चांगलं हाय."

"ते आमचं आहे," मी म्हणालो.

"तुमचं? मग हितं चालत आलं का?"

मी तोंड उघडायच्या आत आईनं उत्तर दिलं, "खुर्चीवर बसून आलं."

मी पुन्हा दुकानात गेलो, बावीस सुपांतलं सगळ्यांत महागडं विकत घेतलं आणि मोठ्या ऐटीत बाईपुढे धरलं. त्या घाणेरड्या दुकानातली माझी पहिली आणि शेवटची खरेदी. बाईनं त्यात तांदूळ ओतले, एकदा उडवले. अर्धे ओट्यावर. तिनं सूप माझ्याकडे परत सरकवलं. "यावर मानसं नाचतात. तांदूळ घसरतो."

मग आई तिच्याजवळ बसली आणि तिला सगळं सांगितलं, माझी खुर्ची, पाचवी, नातीची लेक, दिवेलागण. ती ऐकत राहिली. हातातलं सूप मात्र तिनं खाली ठेवलं नाही.

"माज्या लेकीची पोर शिमग्याआधी याच सुपात ठेवली," ती म्हणाली.

मी मनात म्हटलं, संपलं. आता दोन आज्या, एक सूप. पण आईचा चेहरा बदलला.

"रडली का?"

"नाय. शिंकली."

"मग बरोबर," आई म्हणाली. "त्याच्या काठात कोंडा बसलाय. आमची सगळी शिंकली. हा पन शिंकलेला," आणि माझ्याकडे बोट केलं, जणू शिंकण्यापलीकडे मी आयुष्यात काही केलं नव्हतं. "आजच्यापुरतं दे गो. उद्या सकाळी हा आनून दील."

"मना सकाळच्या जेवनाला लागतं."

"सकाळचा चहा घ्यायच्या आधी दील."

बाईनं सुपातले तांदूळ परातीत काढले, एक मूठ मागे ठेवली, कारण रिकामं सूप कुणाच्या हातात देत नाहीत. आईनं आपल्या पदरातले त्यात मिसळले. आणि आम्ही निघालो. गेटवर रखवालदार पुन्हा ओरडला, पण आई सूप छातीशी धरून अशी चालली होती की तो "ओला" अर्धवटच म्हणाला.

दिवे लागायच्या आत नात सुपात होती. दोन घरांच्या तांदळांवर, लुगड्याच्या तुकड्यावर. तिनं डोळे मिचकावले, नाक वाकडं केलं आणि शिंकली. आई हसली. त्या दिवसात पहिल्यांदा. "पत्ता मिळाला सटवाईला," म्हणाली.

मी संधी साधून म्हटलं, "आई, दहा नवी सुपं देऊ त्या बाईला. हे ठेवू आपण."

"तिच्याकडं त्याला काम हाय," आई म्हणाली. "तुज्याकडं खुर्ची हाय."

दुसऱ्या दिवशी पहाट उलटताच मी सूप घेऊन निघालो. रिकामं नको म्हणून घरच्या कणगीतले तांदूळ ओंजळभर घातले, आमच्याच शेतातले, ज्यांची मी अख्ख्या तालुक्यात फुशारकी मारतो. मेक्सिको अजून झोपला होता. समुद्र बंद होता, पाण्यावर एक टोपी तरंगत होती. महागडं नाचाचं सूप मी गेटवरच्या रखवालदाराला देऊन टाकलं. त्यानं ते डोक्यावर धरून पाहिलं आणि टोपीपेक्षा बरं आहे म्हणाला.

मागच्या ओट्यावर ती बाई वाट बघत होती. तिनं सूप घेतलं, तार चाचपली, मग माझ्या तांदळांकडे पाहिलं. एकदा उडवले. सळ्ळ, फट्, टिण. दुसऱ्यांदा उडवले. मग बोटानं दोन खडे वेचले आणि माझ्या तळहातावर ठेवले.

"दादा," ती म्हणाली, "खुर्चीवरनं उठा नि तांदूळ निवडायला शिका."